कायदा दोन ठिकाणी लिहावा

वेळणेश्वरात घराची भिंत असो की आवाराचा गडगा, दगड बहुधा जांभाच. कोकणच्या पावसानं खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं राहिली आणि हा तांबडा, भोकाभोकांचा दगड तयार झाला. खाणीत तो मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. चिरे काढायला उत्तम. बारीक अक्षर मात्र त्यावर धरत नाही. राजाची आज्ञा कोरायची, तर घट्ट कणांचा काळा पाषाणच हवा.

बॅबिलोनच्या हम्मुराबीनं इ.स.पूर्व १७५५च्या सुमारास असाच काळा बेसॉल्ट निवडला. सव्वादोन मीटर उंचीच्या या शिळेवर सुमारे २८२ कलमं होती. त्यांतल्या कठोर शिक्षांचीच चर्चा फार होते; खरं महत्त्व वेगळं होतं. व्याज किती, मजुरी किती, बांधलेलं घर कोसळलं तर भरपाई कोणी द्यायची, हे भांडण होण्याआधीच ठरलेलं असे.

पण दगडही पुरेसा ठरला नाही. इ.स.पूर्व बाराव्या शतकात एलामच्या राजानं ही शिळा लुटून सुसा नगरीत नेली आणि तिथं तिच्यावरच्या मजकुराचे काही रकाने घासून टाकले गेले. चांदीच्या कर्जावर वर्षाला पाचवा हिस्सा व्याज, हा नियम याच पुसलेल्या भागातला. तो आज कळतो, कारण लेखनिकांनी मातीच्या पाट्यांवर त्याच्या नकला करून ठेवल्या होत्या.

नाशिकच्या पांडवलेण्यात नेमकं उलट घडलं. इ.स. १२०च्या सुमारास क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण नाण्यांची कायम ठेव ठेवली. त्यांतले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक दरानं, तर १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत घ्यायची नाही, खायचं ते व्याजच. हा करार निगमसभेत ऐकवला आणि दफ्तरी फलकावर नोंदवला, असं लेखच सांगतो. ते दफ्तर कधीच नष्ट झालं. लेण्याच्या भिंतीवरची अक्षरं राहिली.

ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांचं काय? शिलाहारांच्या काळातल्या कोकणात त्यावर गद्धेगाळ, म्हणजे दानाची शिळा, हा उपाय होता. वर चंद्रसूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर दान चालेल, मधे मजकूर, खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची अश्लील शिवी, तीही चित्रात.

दगड जागचा हलत नाही, पोथी मात्र प्रवास करते. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य यानं बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. ‘अपरार्क’ या नावानं ती थेट काश्मीरपर्यंत प्रमाण मानली गेली. अशाच विखुरलेल्या पोथ्यांच्या आधारे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले पां. वा. काणे धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहू शकले.

एकच नोंद अनेक ठिकाणी ठेवण्याची हीच व्यवस्था आज महसुलात दिसते. वेळणेश्वरातल्या आगराचा हिस्सा भावाच्या नावावर करायचा, तर तलाठ्यानं फेरफार वहीत नोंद करायची, तिची प्रत चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीला वाव द्यायचा, असं १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५० सांगतं. नोंद एकाच कपाटात आणि किल्ली एकाच्याच हाती असेल, तर ती फिरवायला एक माणूस पुरतो. प्रती चारचौघांत असल्या की चारचौघांना फितवावं लागतं.