जुन्या एमजीबीला नवा सायलेन्सर: आधी चुंबक खिशात ठेवा

इंजिन थंड असताना बोनेटखालून टिकटिक ऐकू येते आणि गरम झालं की ती कमी होते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून फटाके फुटल्यासारखा आवाज होतो. सिग्नलला थांबलं की धुराचा वास थेट नाकात. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकाला ही लक्षणं सांगावी लागत नाहीत. एक्झॉस्टची नळी कुठेतरी फुटली आहे किंवा सांधा सुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊया, कारण ‘ब्रिटिश स्पोर्ट्स कार’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हीच दोन सीटची, छप्पर उघडणारी गाडी येते. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं मूळ दुकान. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून ५ लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. इतक्या गाड्या असल्यामुळे पार्ट्सची ददात नाही. १९८८ पासून तर ब्रिटनमध्ये या गाडीचा अख्खा नवा सांगाडासुद्धा बनवून मिळू लागला! त्यामुळे प्रश्न ‘सायलेन्सर मिळेल का’ हा नाहीच. इतक्या प्रकारांतून कोणता घ्यायचा, इथे गाडी अडते.

पण आधी घाई का करायची ते समजून घ्या. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. मालकांना आनंद झाला खरा, पण दरवर्षी गाडीखाली डोकावणारा एक तरबेज माणूसही त्यामुळे कमी झाला. एक्झॉस्टच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर वायूंचा. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं ही त्याची सुरुवात आणि पुढे जिवावर बेतू शकतं. छप्पर लावून, खिडक्या बंद करून, शेजारी मुलाला बसवून निघणार असाल तर फुटक्या नळीकडे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून चालणार नाही.

नळी गंजते कशी, हे कळलं की निम्मी निवड आपोआप होते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी लांब पळाली तर ते वाफ होऊन निघून जातं. पण रविवारी दुकानापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत ते सायलेन्सरच्या डब्यातच साचतं आणि तो आतून कुजतो. बाहेरून हल्ला करतं मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून ब्रिटनच्या रस्त्यांवर खनिज मीठ पसरतात, त्यातलं बरंचसं चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं. म्हणजे वर्षभर उभी असणारी लाडकी गाडी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर सायलेन्सर खाते. ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

आता धातू. साधं माइल्ड स्टील सर्वांत स्वस्त आणि आवाजाला मूळ गाडीच्या सर्वांत जवळचं, पण आयुष्य थोडं. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं स्टील त्याच्या एक पायरी वर. वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो आणि गंज तिथूनच शिरतो. त्यानंतर स्टेनलेस स्टील, आणि खरी गंमत इथे आहे. जाहिरातीत नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असतं, पण त्यातही जाती आहेत. ४०९ ग्रेडमध्ये क्रोमियम सुमारे ११ टक्के. त्यावर तांबूस गंजाचा थर चढतो. ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणून तो महाग आणि जास्त टिकाऊ. दुकानात ओळखायचं कसं? फ्रिजवरचं चुंबक न्या. ४०९ ला ते पटकन चिकटतं. ३०४ ला चिकटत नाही, फार तर वाकवलेल्या जागी किंचित ओढ जाणवते. नळीला लावून झालं की डब्यालाही लावून बघा, कारण दोन्ही एकाच धातूचे असतीलच असं नाही.

माझं मत विचाराल तर गाडी आणखी दहा वर्षं ठेवायची असेल तर ३०४ घ्या, पैसे वसूल होतात. पुढच्या वर्षी विकायची असेल तर साधं चांगलं स्टील पुरे.

यानंतर मोह येतो ‘बिग बोअर’चा, म्हणजे जाड नळीचा. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं, नवं असताना जेमतेम ९५ हॉर्सपॉवरचं. इंजिन मुळात जसं होतं तसंच असेल तर जाड नळीने हाती येतो तो मुख्यतः आवाज. पहिल्या दिवशी झकास वाटतो, हायवेवर दोन तासांनी डोकं उठतं, आणि सकाळी सहाला गाडी काढलीत की शेजारी खिडकी उघडतात. बहुतेक गाड्यांना मुळात दोन डबे होते, पुढे एक आणि मागे एक. पुढचा काढून सरळ नळी टाकायचा सल्ला कुणी दिला तर आधी तशी गाडी चालू असताना शेजारी बसून बघा. स्टेनलेसचा आवाज तसाही थोडा कर्कश, खणखणीत असतो.

तीच गोष्ट ट्यूबुलर मॅनिफोल्डची. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक आहेत. पातळ नळ्यांचा मॅनिफोल्ड जास्त उष्णता फेकतो, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल तापतं आणि ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडू शकते. मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड दिसायला ओबडधोबड असला तरी कामाला चांगला आहे. त्याला तडा नसेल तर हात लावू नका. तरीही बदललात, तर कार्ब्युरेटरचं सेटिंग पुन्हा करून घ्यावं लागेल, तो खर्च आधीच धरा.

ऑर्डर देण्यापूर्वी गाडीचं वर्ष आणि चॅसी नंबर कळवा. १९७४ च्या शेवटी आलेल्या रबर बंपरच्या गाड्या जास्त उंच आहेत आणि अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांची रचना वेगळी. भारतात एमजीबी असलेल्यांनी आणखी एक बघावं: २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडीत मोठा फेरफार नको. मूळ घाटाचा सेट घेणं म्हणूनही सोयीचं. शिवाय या गाडीची नळी जमिनीपासून फार वर नसते. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आठवून बघा.

बसवताना गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. मॅनिफोल्डला पितळी नटच वापरा, लोखंडी नट गंजून कायमचे बसतात. गॅस्केट आणि रबरी हँगर नवेच घ्या, कारण इंजिन रबरावर हलतं आणि नळीलाही तेवढं हलायला हवं. क्लॅम्प आधी सैल ठेवा, नळी सगळीकडे मोकळी आहे ना ते बघा आणि मगच पुढून मागे आवळत या. शेवटचं टोक बंपरच्या बाहेर यायलाच हवं, नाहीतर उघड्या गाडीच्या मागे तयार होणारा हवेचा भोवरा धूर पुन्हा तुमच्याकडेच आणतो. पहिल्या फेरीत नव्या नळीवरचं तेल जळून थोडा धूर निघेल, घाबरू नका. शंभरेक किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा एकदा आवळा.