तराजू कुणाच्या हातात?

मंडळी, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. बायकांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा रोखठोक सवाल. म्हणजे बाईंनी तोलणाऱ्यालाच तराजूत बसवलं. तोच सवाल आज फॅशनच्या मासिकांना विचारायला हवा.

मासिकाचं काम कसं चालतं बघा. एका पानावर गोरा, नितळ चेहरा. तोही संगणकावर घोटूनघोटून केलेला. पान उलटलं की क्रीमची जाहिरात. आधी उणीव दाखवायची, मग औषध विकायचं! मासिक जगतं जाहिरातीवर. वाचणारी स्वतःवर खूश झाली, तर क्रीम घेणार कोण? मग विदर्भाच्या उन्हात रापलेली आपली पोर आरशात पाहते ती त्या पानाच्या नजरेनं.

‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली आली. २०२० साली नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. नाव बदललं, पण गोरेपणाचं माप मनातून गेलं का?

नटू नका, असं मी म्हणत नाही. पण हौसेनं नटणं वेगळं आणि लाजेपोटी झाकणं वेगळं. पावडर लावताना एवढंच विचारा: ही हौस माझी, की लाज त्यांनी दिलेली?