शुद्ध पाण्याचा पीएच ७ का भरत नाही?

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी रासायनिक प्रयोगशाळांत पीएच (द्रावण किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा अंक) मोजताना ऊर्ध्वपातित पाणी (वाफ करून पुन्हा थंड केलेले पाणी) ७ ऐवजी ५.६ च्या आसपास आकडा दाखवते, तेव्हा पाणी खराब किंवा मीटर बिघडला असे सहज मानले जाते. बहुधा दोन्हींतही दोष नसतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की चिवडा सादळतो, तसे हे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्यात सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. म्हणून बफर द्रावणे (पीएच स्थिर राखणारी द्रावणे), विशेषतः अल्कधर्मी, बनवताना पाणी काही मिनिटे खळखळून उकळतात, झाकून निववतात आणि लगेच वापरतात. अशा पाण्याचाच पीएच मोजायचा झाल्यास मात्र आकडा ठरता ठरत नाही, कारण त्यात वीज वाहून नेणारे आयन (विद्युतभारित कण) जवळजवळ नसतात. औषधनिर्मितीत त्यासाठी १०० मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम क्लोराइडचे ०.३ मिलिलिटर संपृक्त द्रावण घालण्याची रीत आहे. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड (द्रावणात बुडवायची मोजणीची कांडी) ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय दिसायला स्वच्छतेची असली, तरी तीही टाळलेली बरी. त्याची जागा पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात.