एक गिटार की दालनभर गिटारी

ज्याला दालनभर वाद्ये सहज परवडली असती, त्या अमेरिकन गायक विली नेल्सनने १९६९ साली घेतलेल्या मार्टिन कंपनीच्या एकाच गिटारवर सारी हयात काढावी, हा वरकरणी हट्टच वाटतो. नायलॉनच्या तारांचे ते वाद्य बोटांनी छेडण्यासाठी घडवलेले असल्याने त्यावर संरक्षक पट्टी नव्हती. नेल्सनने मात्र ते नखीने वाजवले, आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ध्वनिरंध्राशेजारी दुसरे भगदाड पडले. १९९० साली थकलेल्या प्राप्तिकरापायी मालमत्तेवर सरकारी जप्ती आली, तेव्हा ‘ट्रिगर’ नावाची ही गिटार तेवढी लिलावात जाऊ नये म्हणून त्याने ती गुपचूप हवाईला आणवली.

उलट गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा संग्रह एवढा विपुल, की १९९९ साली व्यसनमुक्ती केंद्राच्या साहाय्यार्थ त्याने त्यातील शंभर गिटारी लिलावात काढल्या. तरी त्याची वर्षानुवर्षांची लाडकी ‘ब्लॅकी’ तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारींचे उत्तम भाग जुळवून सिद्ध झालेली एकच होती.

नायलॉनच्या तारा, पोलादी तारा आणि विद्युत्-गिटार यांचे नाद परस्परभिन्न असल्यामुळे दोन-तीन वाद्यांचे समर्थन कोणीही करील. त्यापुढचा संग्रह मात्र, माझ्या मते, संगीताच्या नव्हे तर हौसेच्या खाती मांडावा.