कंबरदुखी आणि तिचें चित्र

गेल्या वर्षीं आमच्या आत्याबाईंची कंबर धरली. चार दिवसही झाले नाहींत तोंच घरांतील तरुण मंडळींनीं त्यांची ‘एम्. आर. आय.’ तपासणी करवून आणली. मणक्यांमधील गादी झिजली असून एके ठिकाणीं फुगली आहे, असें अहवालांत निघालें. तें ऐकतांच आत्याबाईंनीं अंथरूण धरलें. देवापुढील रांगोळीसुद्धां सोडली. दुखणें होतें तेवढेंच राहिलें, भीति मात्र दसपट झाली.

हीं चित्रें काय दाखवितात, हें प्रत्येक कुटुंबानें जाणून घ्यावें. राँटजेन यांनीं १८९५ सालीं शोधलेल्या क्ष-किरणांत हाडें दिसतात, मोडलेला मणका कळतो. गादी व नसा दिसत नाहींत. १९७१ सालीं प्रथम रुग्णावर वापरलेल्या सी. टी. यंत्रांत त्याच किरणांनीं शरीराचे जणूं काप पाडून हाडांची बारीक रचना पाहतां येते. एम्. आर. आय. मध्यें हे किरण नसतात. प्रबळ लोहचुंबक व रेडिओलहरी यांच्या योगें गादी, नसा, जंतुसंसर्ग व गांठी स्पष्ट होतात.

परंतु वेदना कोणत्याच चित्रांत उमटत नाहीं. कंबर मुळींच न दुखणाऱ्या ९८ लोकांची एम्. आर. आय. तपासणी अमेरिकेंत झाली. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ५२ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली आढळली. निरोगी लोकांविषयींच्या अशाच अनेक पाहण्यांचा २०१५ सालीं एकत्र विचार झाला. त्यांत गादीची झीज विशींतल्या ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरांतील ९६ टक्के लोकांत दिसली. वयाबरोबर केस पिकतात, तशी गादीही झिजते.

म्हणून साध्या कंबरदुखींत चित्राची घाई नको. ती बहुधा सहा आठवड्यांत पुष्कळ कमी होते. मात्र मलमूत्रावरील ताबा सुटला, जांघेंत बधिरपणा आला किंवा पायांतील शक्ति घटूं लागली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. ताप, वजनांतील घट, पडल्याचा मार किंवा पूर्वींचा कर्करोग असल्यासही विलंब करूं नये. मणक्याचा क्षय आपल्या देशांत अद्याप आढळतो, हेंही विसरतां कामा नये.

आमच्या जुन्या डॉक्टरांनीं अहवाल बाजूस ठेवला, आत्याबाईंचे पाय उचलून पाहिले, गुडघ्यांवर हातोडी मारली, त्यांना टांचांवर व चवड्यांवर चालविलें आणि हिंडतें-फिरतें राहण्यास सांगितलें. महिन्याभरांत देवापुढें पुन्हां रांगोळी दिसूं लागली. यंत्राकडे जाण्यापूर्वीं जाणत्या डॉक्टरांच्या हातीं पाठ दाखवावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.