चारमिनारच्या कमानीतील अक्षर

निजामी अमलातील हाली सिक्क्यावर लिहावे, अशी संपादकांची सूचना होती. त्यानिमित्ताने धाराशिवातील एका वृद्ध सराफांकडे जाणे झाले आणि त्यांनी भिंगाखाली दाखविलेल्या एका अक्षरापाशीच माझे चित्त जडले.

सिक्क्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1857 पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर नाव मोगल बादशहाचे असे आणि निजाम त्यात स्वतःचे आद्याक्षर तेवढे घालीत. सिकंदर जाहाचा 'सीन', नासिरुद्दौल्याचा 'नून'. बादशाही लयास गेल्यावर त्या जागी आसफजाही किताब आला आणि सोबत 92 हा आकडा, जो अबजद म्हणजे अक्षरांना अंक देणाऱ्या गणनेने 'मुहम्मद' या नामाचा अंक होय. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेल्या रुपयावर चारमिनार अवतरला. हा रुपया 11.18 ग्रॅम वजनाचा, शेकडा 81.8 चांदीचा, इंग्रजी कलदार 11.66 ग्रॅमचा, शेकडा 91.7 चांदीचा; म्हणूनच सात हालीस सहा कलदार हा दर केवळ सरकारी हुकमाने नव्हे, तर धातूच्या न्यायानेही टिकला.

मीर महबूब अली खानाच्या कारकिर्दीत चारमिनारच्या मधल्या कमानीत 'मीम' आहे. 1911 साली मीर उस्मान अली खान, ज्याच्या नावाने हा जिल्हा दीर्घकाळ उस्मानाबाद म्हणविला गेला, मसनदीवर बसला आणि कमानीत 'ऐन' आला. आरंभीच्या नाण्यांवर त्रोटक, पुढे पूर्ण. सराफांनी रुपया कडेने धरून उजेडाकडे किंचित कलता केला, तेव्हा झिजलेल्या उठावाची बारीक सावली पडून ते वळण डोळ्यांस दिसले. मग हिजरी सन आणि जुलूस सन, म्हणजे राज्यारोहणाचे वर्ष, यांचा मेळ घालून त्यांनी नाण्याचा निवाडा केला. नाण्यावरील सूक्ष्म अक्षराची ही रीत अन्यत्रही दिसते; स्वीडनच्या जुन्या नाण्यांवर टांकसाळीच्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे असत. एमिल ब्रुसेविट्झची 'ई. बी.' ही तशीच. तेथे सूक्ष्म अक्षर चांदीचा जबाबदार इसम दाखवी, येथे ते मुलखाचा धनी दाखवी.

परंतु ही विद्या दिवसेंदिवस दुर्घट होत आहे. गळ्यातल्या माळेत ओवण्यासाठी कितीएक रुपयांना कडी डाखली गेली आणि त्या डाखाखाली सनाचे आकडे बुजले. चिंच आणि राख लावून घासलेल्या नाण्याची लकाकी वाढते, अक्षर मात्र पुसट होते. साच्यात ओतलेले बनावट नाणे अक्षरांच्या बोथट कडांवरून, पृष्ठावरील बारीक छिद्रांवरून आणि वजनातील फरकावरून ओळखावे लागते. सर्वांत मोठा घात मुशीचा. तिच्यात चांदी उरते, पुरावा उरत नाही.

हैदराबादची टांकसाळ 1950 साली भारत सरकारकडे आली आणि तिची खूण, सनाखालचा तारा, आजही आपल्या खिशातील नाण्यांवर आढळते. म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती अशी, की घरातील जुना रुपया घासू नये, मोडीत घालू नये. त्याचे वजन, सन आणि कमानीतील अक्षर वहीत टिपून ठेवावे. नांगरताना जुन्या नाण्यांचा ठेवा लागल्यास, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती अवश्य द्यावी.