इस्सरनिम्मान आणि पुरिसपरक्कम

बौद्ध धम्म ईश्वर मानीत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु ईश्वरावर विसंबण्यास तथागतांचा नेमका आक्षेप कोणता, याचा विचार क्वचितच होतो. ईश्वर आहे किंवा नाही, हा एक प्रश्न; त्याच्यावर भार टाकल्याने मनुष्याचे काय होते, हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात 'तित्थसुत्त' आहे. त्यात तत्कालीन श्रमण-ब्राह्मणांच्या तीन मतांची चिकित्सा केली आहे. मनुष्य जे सुख-दुःख अनुभवतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे पहिले मत (पुब्बेकतहेतु); ते सर्व ईश्वरनिर्मित, हे दुसरे (इस्सरनिम्मानहेतु); आणि ते सर्व अकारण, हे तिसरे (अहेतु-अप्पच्चया). वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. तथागत मात्र तिन्हींना एकच उत्तर देतात. सर्व काही ईश्वरामुळे घडत असेल, तर हिंसा करणारा, चोरी करणारा, असत्य बोलणारा हाही ईश्वरामुळेच तसा वागतो, असे मानावे लागेल. शिवाय जो हे मत सारभूत म्हणून धरून बसतो, त्याच्या ठायी छंद उरत नाही, वायाम उरत नाही आणि करणीय-अकरणीय यांचा विवेकही उरत नाही.

हे तीन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. मराठीत छंद म्हणजे नाद वा आवड. येथे मात्र त्याचा अर्थ कार्य करण्याची इच्छा असा आहे. वायाम म्हणजे प्रयत्न. अष्टांगिक मार्गातील सम्मावायाम तो हाच. इच्छा, प्रयत्न आणि विवेक ही तिन्ही गेली, की मनुष्याचे बळही गेले आणि बुद्धीही गेली. त्याचा पराक्रम, म्हणजे पालितील 'पुरिसपरक्कम', येथेच संपतो.

'देवाची इच्छा' आणि 'नशिबाचे भोग' यांना या सुत्ताने एकाच पंक्तीत बसविले आहे, हे विशेष. याचा अर्थ तथागतांनी कम्म नाकारले असा नव्हे. त्यांच्या मते चेतना हेच कम्म होय, आणि चेतना ही आज, या क्षणी, मनुष्याच्या हाती असते. गतजन्माच्या हिशेबात वर्तमानाला जखडून ठेवणे त्यांना अमान्य होते. अस्पृश्यता हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले, त्यांना या भेदाचे मोल निराळे सांगावयास नको.

दीघनिकायातील तेविज्जसुत्तात याच विचाराला एक दृष्टान्त लाभला आहे. अचिरवती नदी दुथडी भरून वाहत आहे. पलीकडे जाऊ इच्छिणारा एक मनुष्य अलीकडच्या तीरावर उभा राहून पैलतीरालाच हाका मारतो, त्याने इकडे यावे म्हणून विनवणी करतो. त्या हाकेने पैलतीर अलीकडे येईल काय, असे तथागत वासेट्ठाला विचारतात. देवतांना केलेले आवाहन त्यांना असेच वाटते. दि. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यापर्यंत चालत गेली आणि त्यांनी ते पाणी स्वतः ओंजळीत घेतले. पाण्याने आपल्याकडे यावे अशी प्रार्थना करीत ती थांबली नाहीत.

मग स्वतःवर विसंबणे म्हणजे अहंकार नव्हे काय, अशी शंका घेतली जाते. महापरिनिब्बानसुत्तात वेळुवगामी आजारातून उठलेल्या तथागतांनी आनंदाला 'अत्तदीप' होण्यास सांगितले, तेव्हा त्याला जोडूनच 'धम्मदीप' हा शब्दही योजला. पालि 'दीप' या शब्दाचे दिवा आणि द्वीप असे दोन्ही अर्थ होतात. अट्ठकथेने द्वीप हा अर्थ घेतला आहे. पुरात पाय टेकण्याची जागा स्वतःच्या आचरणात शोधावयाची. पण त्या आचरणाची कसोटी धम्म हीच. अहंकाराला तेथे वाव नाही.

राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या घरचा. मज्झिमनिकायात गणक मोग्गल्लान विचारतो, की आपला उपदेश ऐकूनही काहींना निब्बाण का लाभत नाही? तथागत त्याला राजगृहाच्या वाटेचे उदाहरण देतात. वाट विचारणाऱ्याला ती नीट सांगितली, तरी तो भलत्याच वाटेने गेला, तर सांगणारा काय करणार? तथागत हे केवळ मार्ग सांगणारे आहेत. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच संवाद घेऊन बुद्ध हे मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, असे प्रतिपादन केले.

असे असताना आपल्यापैकी कोणी बुद्धमूर्तीपुढे परीक्षेतील यशासाठी वा नोकरीसाठी नवस बोलत असेल, तर तेथे केवळ देवाचे नाव बदलले, विसंबण्याची सवय तशीच राहिली. सरणगमन म्हणजे आपला भार दुसऱ्यावर टाकणे नव्हे. दाखविलेल्या वाटेने चालण्याचा तो निश्चय आहे. वंदनेनंतर घरी परतताना प्रत्येक उपासक-उपासिकेने स्वतःला एवढेच विचारावे: आज आपण काही मागितले, की काही करण्याचे ठरविले?